झाडाचं झाडाले

वसतिगृहात तार आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. तारेत एवढंच होतं, जिजी गेली. ताट तसंच सोडून निघालो... नागपूरहून बुलढाण्याला पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. अंगणातलं तिचं झाड तेवढं पानांनी भरून उभं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

जिजी माझी आत्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली, आणि आई दिवसभर शेतावर असायची म्हणून मला तिनंच वाढवलं. एका साहेबाच्या बंगल्यावर ती बागेला पाणी घालायची. विलायतेला परत जाताना मडमेनं तिला पहाडातल्या चेरीचं रोप दिलं. फळासाठी नव्हे, शोभेसाठी. थंडीत पानं झडली की सारं झाड गुलाबी होतं, असं मडमेनं सांगितलेलं. त्या गुलाबी रंगाची जिजी वर्षानुवर्षं वाट पाहत राहिली. पण दर पावसाळ्यात पानांवर तांबूस ठिपके पडत, ठिपके वाळून गळत, पानाची चाळणी होई, आणि पोळ्याच्या आतच झाड उघडं पडे. फुलायला त्याच्यात जीवच उरत नसे. शेजारची सखूकाकू विचारायची, "जिजी, तुह्या मडमीच्या झाडाले देवी आल्या काय वं?"

"हाव. तुह्या घरी येऊन राह्यल्या होत्या, म्या इकडे वळवल्या!"

मग ती एकटीच गळलेली पानं वेचून झाडाच्याच आळ्यात घाली. "झाडाचं झाडाले," म्हणे. शेतकऱ्याच्या घरात पालापाचोळा वाया जात नाही.

कॉलेजात मला कळलं, की हा बुरशीचा रोग. बुरशी गळलेल्या पानांतच दडून राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा वर चढते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भीत भीत सांगितलं, जिजी, ही पानं जाळायला हवीत.

"काऊन बापू? लेकराचं जावळ कोनी चुलीत घालते काय?"

पण दुसऱ्या सकाळी पाहतो तर सारं आळं उकरून तिनं वाळकी पानं चुलीशी आणलेली. मूठ मूठ आत टाकत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. "धूर हाय," म्हणाली.

पावसाळाभर तिनं एक पान खाली राहू दिलं नाही. दसऱ्याला गेलो तेव्हा झाड हिरवंगार होतं, आणि जिजी तापानं खाटेवर. खाट तिनं दारापाशी ओढायला लावली होती. "यंदा फुलते पाह्य, बापू. त्याच्या आधी मले नेलं नाही म्हंजे झालं."

गेल्या आठवड्यात, मी नाताळच्या सुट्टीला घरी आलो तेव्हा, झाड फुललं. फार नाही, शेंड्याकडच्या काही फांद्या. सखूकाकू येऊन खाली उभी राहिली, मान वर करून. आज सकाळी आई अंगण झाडायला आली. खाली पाकळ्या पडल्या होत्या. झाडू तसाच धरून तिनं मला विचारलं, "हे पन जाळ्याचं काय रे?"

मी खाली बसलो, पाकळ्या ओंजळीत गोळा केल्या... आणि आळ्यात घातल्या.