नजमाच्या अंगणातला शिकरा

दिवाळीच्या सुट्टीत चौसाळ्याला निघाले तेव्हा घरी सांगितलं, पक्षी बघायला जाते. खरं कारण म्हणजे माझा जळफळाट. नजमा आणि मी कॉलेजात एकाच बाकावर बसून प्राणिशास्त्र शिकलो. मी पुण्यात प्राध्यापक झाले. ती लग्न होऊन चौसाळ्याला गेली आणि तिथल्या बायकांच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेची सचिव झाली. आता तिचा कोंबड्यांवरचा लेख पेपरात आला होता आणि आमच्याच प्राचार्यांनी तिला व्याख्यानाला बोलावलं होतं. तेही उत्क्रांतीवर! हा विषय वर्षानुवर्षं मी शिकवते. म्हटलं, एकदा बघूनच येऊ बाईंनी काय दिवे लावलेत ते.

बीडच्या अलीकडे एसटीचं चाक बसलं. सगळे खाली उतरलो. रस्त्याकडेला एक चाचा सीताफळं विकत होते. फळ एवढं बारीक कसं, असं विचारलं तर म्हणाले, पानीच न्हाई तर झाड तरी काय करंल. सीताफळ मात्र भलतंच गोड निघालं. समोर रान उघडं पडलं होतं. तूर करपलेली, गवताची काडी नाही, जमीन नुसती राखाडी-तांबूस. चाक बदलेपर्यंत पाण्याचे टँकर तेवढे जात राहिले.

नजमा थांब्यावर आली होती. मला पाहून म्हणाली, लई वाळलीस गं. घरी भाकरी आणि म्हाद्या (शेंगदाण्याच्या कुटाचं झणझणीत कालवण) तयार होतं. मी दोनदा मागून घेतलं आणि तिच्या हाताला चव आहे याचाही मला राग आला.

संस्थेच्या अंगणात गर्दी होती. ऊसतोडीला कारखान्यावर जाणाऱ्या बायका आपापल्या कोंबड्या आणि पिल्लं सोडायला आल्या होत्या. इथली रीत अशी की परतेपर्यंत कोंबड्या संस्थेनं सांभाळायच्या आणि निम्मी पिल्लं संस्थेनं ठेवायची. याला 'वाट्यानं देणं' म्हणतात. आपली पिल्लं ओळखू यावीत म्हणून कुणी त्यांच्या पाठीला गुलाल लावत होतं, कुणी नीळ.

एवढ्यात कुंपणावरून शिकरा, म्हणजे ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी, आला आणि एक गुलाबी पिल्लू उचलून गेला. सगळं एका क्षणात झालं. मी पक्षीनिरीक्षक म्हणवते, पण दुर्बीण पिशवीतच राहिली.

ज्यांचं पिल्लू गेलं त्या गयाबाई म्हणाल्या, याच्या भ्यानंच कोंबड्या रंग बदलायला लागल्यात, पहिल्यासारखी पांढरी पिल्लं आता फारशी निघत न्हाईत. नजमा त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, मावशी, रंग कुणी बदलत न्हाई. एकाच कोंबडीची पिल्लं, पण दोन सारखी नसतात. दुष्काळात लपायला गवत न्हाई, मग पांढरं पटकन दिसतं, मातकट दिसत न्हाई. मातकट जगतं, मोठं होतं, आणि पुढं त्याचीच पिल्लं वाढतात.

मी हेच सांगायला अर्धा फळा भरते. हिनं चार वाक्यांत उरकलं.

मग ती म्हणाली, यंदापासून संस्था पांढऱ्या कोंबड्यांची अंडी उबवायला ठेवणार नाही. गयाबाईंचा चेहरा उतरला. पांढरी लई अंडी देती, आमच्या घराला तिचाच आधार हाय, एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. गुलाल, नीळ सगळं पांढऱ्या पिल्लांनाच होतं. मातकट पिल्लांवर रंग दिसत नाही, म्हणून त्यांच्या पायात नुसता दोरा. सापडली! मी सगळ्यांसमोर, अगदी चवीनं विचारलं, "नजमा, शिकरा पांढरी नेतो की रंगवलेली? तुला कसं कळलं?"

नजमानं एक निळं पिल्लू उचललं आणि उलटंपालटं करून बघितलं. मला, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

"बरोबर हाय तुझं," ती शेवटी म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आता सगळ्यांना दोराच बांधू. खरं काय ते कळंपर्यंत मी व्याख्यानाला येत न्हाई." पांढऱ्या कोंबड्यांची अंडीही उबवायला ठेवायची ठरली. गयाबाईंनी माझ्या पिशवीत शेंगा भरल्या. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून अख्खा रस्ता मनातल्या मनात हसत होते.

उन्हाळ्यात बायका कारखान्यावरून परतल्या आणि नजमाचा फोन आला. रंग नव्हता तरी शिकऱ्यानं पांढरीच जास्त नेली. गयाबाईंनी वाचलेली पिल्लं स्वतः बघितली आणि उबवायला मातकट कोंबड्यांची अंडी मागून घेतली.

"तू टोकलं नसतंस तर मी अर्धवटच बोलले असते," ती म्हणाली. "आता येते. तुझ्याकडंच उतरते."

"ये की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी तिचं म्हणणं पाडायला गेले होते आणि पक्कं करून आले. लोक प्रवासानं मन मोठं होतं म्हणतात. माझं तसं काही झालेलं नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेत बसून मला टाळ्या वाजवायच्या आहेत, आणि सगळ्यांत जोरात वाजवाव्या लागणार, कारण तिचं खरं आहे हे त्या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.