राहिलेली छांग

पलझोमने सख्ख्या थोरल्या भावाचे दोन दात पाडले ते लोसरच्या, नव्या वर्षाच्या सणात, भर अंगणात, सगळं गाव बघत असताना. हातात बर्फावर चढायची कुऱ्हाड होती. लाकडी दांडा लागला म्हणून बरं. पातं लागलं असतं तर गटुकला पुन्हा दातांची गरजच पडली नसती.

चूक गटुकचीच होती, हे शिलबू गावात कुणीही सांगेल. आमच्याकडे घर आणि शेत थोरल्या मुलाचं, आणि आईचा पेराक थोरल्या मुलीचा. कपाळापासून पाठीपर्यंत उतरणारा तो पट्टा, त्यावर ओळीने शिवलेले फिरोजे. आईच्या आईच्या आईपासून चालत आलेला. आई गेली तेव्हा पलझोम लांब कामावर होती, म्हणून पेराक भावाच्या पेटीत राहिला. आणि या शहाण्याने तो लोसरच्या फाशांत पणाला लावला! पलीकडच्या खोऱ्यातल्या एका खेचरवाल्याने जिंकला आणि उजाडायच्या आत तो नदीकाठच्या रस्त्याने पसारही झाला.

"आईचं डोकं विकून आलास रे, मेल्या!"

"विकलं नाही, हरलो," गटुक म्हणाला. इथे थांबला असता तर दात राहिले असते. पण तोंड आवरेल तर तो गटुक कसला! "आणि तू तरी कधी घालणार होतीस गं? पायात बर्फावर चढायचे काटे, डोक्यावर पेराक. माकडीण दिसली असतीस."

मग दांडा बसला. पहिल्याने तो गुडघ्यावर आला, दुसऱ्याने आडवा झाला. बर्फावर रक्त आणि दोन दात. तिसरा मारायला तिने हात उचलला तेव्हा नवऱ्याने, तक्पाने, मागून कव घातली म्हणून निभावलं.

पलझोम लहानपणापासून अशीच. नाकावर राग. हिवाळ्यात झरे गोठले की पाण्यासाठी बर्फ फोडून आणायचा, तो गावामागच्या धबधब्यावरून. त्या गोठलेल्या धबधब्याला आम्ही मेमेची दाढी म्हणतो; मेमे म्हणजे आजोबा. बाकीची पोरं खालचा बर्फ फोडायची. ही आणि गटुक, कमरेला याकच्या केसांची एकच दोरी बांधून, वर चढायची. वरचा बर्फ गोड लागतो, असं गटुकने तिला सांगितलं होतं. थाप होती, पण तिला कळेपर्यंत चढायची खोड लागली. पुढे बाहेरचे लोक असला बर्फ चढायला, शिकायला येऊ लागले आणि या दोघा बहीणभावांना त्यातच काम मिळालं.

लग्नाचीही तीच कथा. नवरी पळवून न्यायची आमची रीत. आधी ठरलेलं असतं, मुलगी नावाला ओरडते, चार मित्र तिला उचलून नवऱ्याच्या घरी पोचवतात. पलझोमला उचलायला तक्पाचे मित्र आले, त्यात रप्तेन पुढे. त्याने हिचा दंड जरा जोरात धरला. हिने त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दुसऱ्याचा कान फाडला, आणि मग एकटीच तरातरा चालत तक्पाच्या दारात जाऊन म्हणाली, "आले. आता बोल." तक्पा आजही सांगतो की तो त्या दिवशी घाबरला तो अजून घाबरलेलाच आहे.

दुसऱ्याच दिवशी तिने दोघांकडे छांग, म्हणजे जवाची दारू, नेली. हा आमचा जुना कायदा. ज्याने रक्त काढलं त्याने छांग आणि खतक, मानाचं पांढरं उपरणं, घेऊन दारात जायचं, खतक गळ्यात घालायचं, आपल्या हाताने ओतायचं. ज्याचं रक्त गेलं त्याने तीन वाट्या प्यायच्या. मिटलं. तोवर दोघांनी एका चुलीपाशी बसायचं नाही, गोठलेली नदी बरोबर ओलांडायची नाही, आणि एका दोराला तर मुळीच बांधून घ्यायचं नाही. मेमे छेतनचे दोन पुतणे भांडण पोटात ठेवून एका दोराने नदी ओलांडायला गेले. नदीने दोघांना एकदम घेतलं. दोर तेवढा उन्हाळ्यात सापडला, दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत.

रप्तेनने तीन वाट्या रिचवल्या, चौथी मागितली आणि तिचा जन्माचा मित्र झाला. पण भावाकडे छांग जाईना. दर लोसरला पलझोम त्याच्या नावाची वेगळी छांग लावायची, खतक घडी करून वर ठेवायची, आपल्याच उंबऱ्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. "आधी पेराक, मग छांग." पेराक कुठून येणार होता? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली ही. ती छांग तक्पा प्यायचा. "माझा मेहुणा मीच," म्हणायचा. ती हसायची नाही. भावाची आठवण तिला रोज यायची आणि आठवण आली की तिला जास्तच राग यायचा.

दोघं काम एकाच धबधब्यावर करायची, पण दोर वेगळे. तोंडं दोन दिशांना.

मग एका हिवाळ्यात थंडी उशिरा धरली आणि दाढीचा मधला बर्फाचा पडदा कड्यापासून सुटा राहिला. गटुक सकाळी त्याच्या बगलेने वर दोर लावायला गेला. खालून दोर धरायला रप्तेन. अर्ध्यावर गटुकने कुऱ्हाड मारली आणि पडद्याचा माणसाएवढा तुकडा सुटला. त्याने गटुकला कड्यावर आपटलं, दोर कापला आणि खाली येऊन रप्तेनला झोपवलं. रप्तेनचं गळ्याजवळचं दुसरं हाड गेलं. एक हिने मोडलं, एक दाढीने.

गटुक पडद्यामागच्या खडकाच्या चिंचोळ्या पायरीवर अडकला. गुडघा उलटा वळलेला. बर्फात पिरगाळलेल्या एका स्क्रूला स्वतःला कसंबसं अडकवलेलं. उजव्या हाताचा मोजा खाली येऊन पडला होता आणि त्याच हाताने तो बर्फ धरून होता. शिकायला आलेले दोघं बाहेरचे होते, ते नुसते बघतच बसले. आणि दुपार झाली की दाढीवर ऊन येतं. ऊन आलं की उरलेला पडदा येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पलझोमने काटे बांधले. तक्पा दोर हातात घेत म्हणाला, "अगं, पण तुमचं मिटलेलं नाही."

"मेल्यावर मिटेल का?" ती म्हणाली आणि चढली.

चढली म्हणजे बर्फाशी मारामारीच. प्रत्येक घावाला तुकडे तोंडावर, एक गालात घुसला, डोळ्यात रक्त. ती शिव्या घालत होती, बर्फाला, भावाला, त्या खेचरवाल्याला. मारलेली कुऱ्हाड पोकळ वाजली की उपटायची आणि शेजारी मारायची. वर पोचली तेव्हा गटुकचे ओठ निळे पडले होते.

तिने शेजारच्या खडकालगतच्या घट्ट बर्फात दोन स्क्रू पिरगाळले, दोर त्यातून घेतला आणि मोकळा फास त्याच्यापुढे धरला. "बांध."

त्याने मान हलवली. "नाही."

"आचो, बांध म्हणते ना!" कितीतरी वर्षांनी तिने त्याला आचो, दादा म्हटलं होतं. ते तिच्याही लक्षात आलं नाही.

"छेतनचे पुतणे विसरलीस? मी एकटा मरतो, नोमो. तुला घेऊन नाही मरायचं मला."

तिला वाटत होतं तो अकडून बसलाय. आणि हा गाढव धाकटीला, आपल्या नोमोला, वाचवायला मरायला बसला होता! तिला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम. तिने त्याच्या कमरेच्या हार्नेसला हात घातला. त्याने चांगल्या पायाने तिच्या पोटात लाथ मारली. दोघं त्या पायरीवर झोंबली; ती त्या दोन स्क्रूंवर लोंबकळत होती आणि वर पडदा कुरकुरत होता.

"छांग कुठून आणू रे इथे? आं?" ती ओरडली. "मग मार मला! छांगेच्याही आधीचा कायदा. रक्ताने रक्त फिटतं. मार!"

"वेडी आहेस का?"

"ऊन येतंय, आचो."

त्याने उजवा हात वर केला. बोटं मेणासारखी पांढरी. "यात जीव नाही. लाकूड झालंय."

"लाकडानेच मार. मीही लाकडानेच मारलं होतं."

त्याने मारलं. डोळे मिटून, सगळा भार घालून. तिचा ओठ फाटला, डोकं बाजूच्या कड्यावर आदळलं. ती थुंकली, बर्फावर तांबडं पडलं, त्यात एक दात. गटुक लहान पोरासारखा रडायला लागला.

"रडतोस काय? दोन होते. आणखी एक."

"नोमो, पुरे."

"दोन होते!"

दुसऱ्या ठोशाला मोठा आवाज झाला, काटकी मोडल्यासारखा. तिला वाटलं आपला जबडा गेला. जबडा जागेवर होता, दात गेला होता. तिने फास त्याच्या हार्नेसमध्ये घातला, गाठ आवळली आणि रक्ताच्या गुळण्या टाकत तक्पाला हाक मारली.

एका दोराला दोघं. तक्पाने त्यांना हात हात सोडलं. दोघं अर्ध्यावर आली आणि ऊन पडद्यावर आलं. पलझोमने पायाने कडा ढकलून दोघांना खडकाच्या कपारीखाली घेतलं, गटुकचं डोकं छातीशी दाबलं, आणि मेमेची दाढी, स्क्रू लावलेली कड तेवढी सोडून, सगळीच्या सगळी खाली गेली. दरी हादरली. तक्पाच्या तळहातांची सालटी दोराबरोबर गेली, पण त्याने दोर सोडला नाही. दोघं जिवंत खाली आली, एकमेकांच्या रक्ताने माखलेली.

खालच्या दवाखान्यात डॉक्टरने गटुकचा हात बघितला. "गोठलेला हात शेकायचा असतो. हा कशावर आपटलात?"

"माझ्या तोंडावर," पलझोम म्हणाली.

डॉक्टरला थट्टा वाटली. चार बोटं काढावी लागली. न आपटता आणला असता तर दोन तरी वाचली असती, असं तो जाता जाता म्हणाला. त्यानंतर तिने कितीतरी दिवस कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. गावाला काळजी वाटू लागली.

पुढच्या लोसरला ती छांग गाळत बसली होती. या वेळी उंबरा ओलांडायचाच, हे तिने ठरवलं होतं. दारात पावलं वाजली. बघते तर गटुक! लंगडत आलेला, काखेत खतक, घागर त्या हाताने छातीशी दाबून धरलेली, अर्धी छांग अंगावर सांडलेली.

"हे काय रे, आचो? हे माझं काम. सुरुवात मी केली होती."

"शेवटचं रक्त मी काढलं," तो म्हणाला. "कायदा मला सांगू नकोस. वाटी धर."

त्याने खतक तिच्या गळ्यात घातलं, बोटं नसलेल्या हाताने, तीनदा घसरलं तेव्हा बसलं. मग ओतायला लागला. घागर थरथरत होती, छांग तिच्या मनगटावर, मांडीवर, चुलीत सांडत होती. तिचे हात पुढे जायला शिवशिवत होते. पण ओतायचं त्यानेच असतं. तिने वाटी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली आणि पुढच्या दातांच्या खिंडारातून छांग आत ओढली. एक. दोन. डोळ्यांतलं पाणी वाटीत पडत होतं, त्यासकट.

"नोमो, तो पेराक…"

"गप रे," पलझोम म्हणाली आणि वाटी पुढे केली. "तिसरी राहिलीय. ओत."