तीन चाळीसचं रीडिंग

काशा गेला. आज सकाळी, कुंभिवलीला, स्वतःच्या घरात.

मी सत्त्याण्णव वर्षांचा म्हातारा. टाइप नात करतेय, शब्द माझे आहेत. मधलं काही गाळलंस तर बघ गं!

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं इंजिनिअरिंगला होतो. मी दहिवलीच्या मास्तरांचा मुलगा, काशा शेतकऱ्याचा.

कॉलेजचा बॉयलर बंद पडला, म्हणून सर आमची बॅच प्रॅक्टिकलला भिसेगावच्या भातगिरणीत घेऊन आले.

तुसावर चालणारा बॉयलर. दर दहा मिनिटांनी रीडिंग. प्रेशर किती, तुसाची पोती किती, आतलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी किती.

दोघांत एक वही.

उकाडा मरणाचा! मी अतिशहाणा. सीनियरच्या जर्नलमधून पुढच्या तासाचे आकडे आधीच उतरवले आणि दारात वाऱ्याला बसलो.

काशा मात्र काचेला डोळा लावून.

"पाणी हालत नाय रं."

"मग चांगलंच की! स्टेडी आहे."

"चालू बॉयलरात पाणी जरा तरी थरथरतं. नळी तुंबलीय."

त्यानं नळीची खालची तोटी उघडून बंद केली. नळीतलं पाणी गेलं, अडकलेला गाळ सुटला, तरी पाणी परत आलंच नाही, नुसती वाफ.

म्हणजे बॉयलरमध्ये पाणी तळाला गेलेलं, आणि खाली जाळ! फुटला असता तर आम्ही कोणीच उरलो नसतो.

काशानं फावड्यानं सगळा जाळ बाहेर ओढला. दोन्ही हात भाजले त्याचे.

सर गिरणीच्या इंजिनाकडून धावत आले. आधी हात बघितले, मग वही.

घड्याळात तीन दहा. वहीत तीन चाळीसचं रीडिंग. 'पाणी ठीक.'

"कोणी लिहिलं हे?"

नापास झालास तर शिक्षण बंद, असं वडिलांनी मला बजावलं होतं.

"मी लिवलं, सर," काशा म्हणाला.

"बॉयलर वाचवलास. पण खोटं रीडिंग मी पास करणार नाही."

काशाचं वर्ष गेलं. मी गप्प राहिलो.

नंतर विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "तुला घरी बसवला असता. आमाला शेत तरी हाय." परत कधी विषय काढला नाही त्यानं.

मी पुढे थर्मल इंजिनिअरिंगचा प्रोफेसर झालो. माझ्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरून भरून आणलेल्या वह्या मी टराटरा फाडल्या. खडूस म्हणायचात, ठाऊक आहे मला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, लाज वाटली.

ते रीडिंग मी लिहिलं होतं.

काशा, माझ्या वाटचं नापास तू झालास. हे तू असताना चारचौघांत बोलायला हवं होतं रे.

हात जोडतो. नीट जा.