ओली होळी

हिम्मतरावांचा गवतावर राग होता. माणसाचा शेजाऱ्यावर राग असतो, जावयावर असतो, ते समजतं. गवत दिसलं की यांचं डोकं फिरायचं. दिलसुखनगरच्या पलीकडे, जिथे शहर संपून खडकाळ गुट्टे, म्हणजे टेकड्या, सुरू व्हायच्या, तिथे आमची दहा-बारा मराठी घरं. बाकी चहूकडे विकलेले प्लॉट. देश खुला झाला म्हणतात ना, त्या वर्षांत लोकांनी सेलमधली पातेली घ्यावीत तसे प्लॉट घेतले आणि घेऊन विसरून गेले. मालक पुण्यात नाहीतर अमेरिकेत, आणि गवत इथे, कमरेएवढं, फाल्गुनात कडकडीत वाळलेलं. दर उन्हाळ्यात गुट्ट्यावर वणवा पेटायचा आणि कुठेतरी आपोआप विझायचा.

आम्ही खिडक्या लावून केबल बघत बसायचो. हिम्मतरावांना ते जमत नव्हतं. त्यांच्या बायकोचं, सत्यवतीवहिनींचं, खुब्याचं हाड मोडलेलं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, एवढंच त्यांचं चालणं. आग आली तर हिला उचलून पळता येईल का, हे बघायला त्यांनी एकदा तालीम केली. अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचले आणि दोघं वृंदावनाला टेकून खाली बसले. मी धावत गेले तर वहिनी हसत होत्या आणि हे रडवेले झालेले.

"सुजाताताई, तुळससुद्धा ओलांडता आली नाही हो," ते म्हणाले.

"मला कशाला उचलता? तुम्ही पळा म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या.

यावर ते असे भडकले की विळा घेऊन तडक शेजारच्या प्लॉटवर गेले आणि गवत कापायला लागले. तो प्लॉट अप्पारावचा. अप्पाराव जमिनींची दलाली करायचा आणि निम्मा गुट्टा त्याच्याच ताब्यात होता. दुसऱ्याच दिवशी तो मारुती व्हॅन घेऊन हजर.

"रावसाब, मेरा घास कायकू काटे?"

"आग का डर है, भई."

"आग का नक्को बोलो. आज घास काटते, कल कंपाउंड मारते, परसों बोर्ड लगाते. हम बी ऐसाच करके बडे हुए."

त्याचं गणित सरळ होतं. गवत उभं म्हणजे जागा शाबूत, जागा साफ दिसली की समजावं कुणीतरी कब्जा केला. त्या काळात त्याचं फारसं चुकतही नव्हतं. त्याने चक्क गवत राखायला वॉचमन ठेवला. पिकाला राखण असते हे ठाऊक होतं, वाळल्या गवताला राखण मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

हिम्मतराव मग दारोदार फिरले. होळी जवळ आली होती, आणि आम्ही सगळे मूळचे परभणी-नांदेडकडचे. आमच्याकडे होळीला चोरून आणलेल्या लाकडाची फिर्याद कुणी करत नाही. करेल त्याच्या नावाने गाव बोंबा मारतं. "चोरून आणायचं," हिम्मतराव म्हणाले, "लाकूड नको, गवत आणा, काट्या आणा, आपल्या घरांभोवतीचं सगळं आणा."

मग काय विचारता! पेन्शनर मंडळी भर दुपारी चोऱ्या करायला लागली. नारायणगुड्याच्या शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर डोक्यावर भारा घेऊन पळताना मी या डोळ्यांनी पाहिले. वॉचमनही नांदेडकडचाच निघाला. तो बिचारा पाठ फिरवून बसायचा आणि गवत संपलं की पुढच्या प्लॉटकडे बोट दाखवायचा. वसाहतीभोवती लांबरुंद पट्टा उघडा पडला आणि सगळं गवत आमच्या मधल्या मैदानात येऊन पडलं. गंजी घरांपेक्षा उंच झाली.

"भाऊ," मी हिम्मतरावांना म्हटलं, "बाहेरची आग तुम्ही दारात आणून ठेवलीत की."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी शहाणी माणसं राबली, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. त्या दिवसापासून ते बादली घेऊन गंजीपाशी बसले. विडी बंद, अंगणातली आरती बंद. अप्पाराव भांडायला आला, पण गंजी होळीची आहे कळल्यावर त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि खिशातून झटकन एक उदबत्ती काढून पेटवली. हिम्मतरावांनी ती त्याच्या हातातून हिसकून बादलीत बुडवली.

होळीच्याच दुपारी गुट्टा पेटला. वारा आमच्याकडे. ज्वाळा उड्या मारत खाली आल्या, उघड्या पट्ट्यापाशी पोचल्या आणि खायला काही नाही म्हणून घुटमळल्या. पण ठिणग्या उडून गंजीकडे यायला लागल्या. त्या दिवशी नेमका टँकर आला होता. सगळ्यांच्या आंघोळीचं, पिण्याचं, पुरणाचं पाणी आम्ही त्या गंजीवर ओतलं. अप्पारावसुद्धा पँट वर करून बादल्या देत होता.

संध्याकाळी होळी पेटेना. काड्यांवर काड्या ओढल्या, चिखलातून नुसता धूर. शेवटी ओल्या गवतालाच पोळीचा नैवेद्य दाखवला आणि काळ्याठिक्कर तोंडांनी आम्ही तिच्याभोवती बोंबा मारल्या. हेडमास्तर सगळ्यात जोरात.

हिम्मतरावांना घरी सोडायला मी गेले. वहिनी दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, पायाशी एक पिशवी. आग दिसल्यावर त्यांनी बसल्या जागी हाताला येईल ते भरून ठेवलं होतं. हिम्मतरावांनी पिशवी उघडली. त्यांचं धोतर, त्यांचा चष्मा, त्यांच्या बीपीच्या गोळ्या, पेपरात बांधलेल्या दोन भाकरी.

"तुझं काय आहे यात?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी चष्मा पुन्हा पिशवीत ठेवला. मला तिथे उभं राहवेना.

सकाळी पाहिलं तर हिम्मतराव विळा घेऊन जळक्या, काळ्या रानात गवत शोधत हिंडत होते, जिथे काडी उरली नव्हती. त्यांच्या दाराशी ती पिशवी तशीच होती. वरती त्यांनी वहिनींचं लुगडं नीट घडी घालून ठेवलेलं.