शुक्रावर मुंगी नाही

आदल्या सांजेला आम्ही दोघं नवराबायको धने रगडत बसलो होतो. सांबार पेरायचा, म्हणजे तुमची कोथिंबीर, तर अख्खा धना टाकून चालत नाही. चपलेखाली रगडून दोन फाकी कराव्या लागतात. रगडणं तिचं, वाफ्यात टाकणं माझं. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या मळ्यातला सांबार अमरावतीच्या बाजारात जातो.

नात सुटीत आली होती. मावळतीची चांदणी दाखवून म्हणाली, "आजी, तो तारा नाही, शुक्र आहे. पृथ्वीसारखाच ग्रह, पण इतका तापलेला की शिसं वितळेल."

"मंग तिथं रायते कोन?"

"कोणीच नाही. पृथ्वी सोडून कुठंच जीव सापडला नाही अजून. आपण सूर्यापासून बेतानं दूर आहोत, म्हणून इथं पाणी टिकलं."

"आन् मेलेलं मानूस वर जाते म्हन्तेत ते?" मग माझ्याकडे वळून, "अवो, आयकलं का? मी नाही जात बाप्पा तिकडं. पानी नाही, सांबार नाही. तुमीच जा."

"जातो. तेवढीच कानाले शांती."

ती हसली. पहाटे उठलीच नाही.

दुपारपर्यंत सारं आटोपलं. रात्री, आमच्यात करतात तसं, तिला निजवलं होतं त्या जागी पीठ पसरून दिवा लावला, वर टोपली झाकली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला माणूस गेलं, असं समजतात. मी हे मानणारा नाही. पण ती कुठं गेली, एवढं मला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. वरचा रस्ता तर नातीनं बंदच केला होता.

सकाळी माझ्या बहिणीनं टोपली उचलली. पिठात केसासारखी बारीक रेघ.

"मुंगी झाली वं माय," ती रडायला लागली. "पाखरू तरी व्हायचं होतं."

मला त्यात काही कमी वाटलं नाही. त्या साऱ्या ग्रहांवर मिळून एक मुंगी नाही. एवढ्या मोठ्या आभाळात मुंगी व्हायचं तर इथंच यावं लागते. अन् पीठ दिसलं की मुंगी येणारच, तेवढी अक्कल मलाही आहे.

"सुतकात मळ्यात जाऊ नोको," बहीण ओरडत होती. गेलो. वाफ्यावर मुंग्यांची रांग लागली होती, रगडलेले धने ओढून नेत होत्या. दर पेरणीला मी तिथं मुंग्यांची पावडर टाकतो. डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. रांगेच्या बाजूनं मातीचा लहानसा बांध घातला आणि बाकीच्या वाफ्यांत पाणी सोडलं.