पोरीच्या वाट्याचं पाणी

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, मराठीत एवढ्याशा 'नाही'वर तुमचं भागतं कसं? इंग्लिशमध्ये बघ किती शब्द आहेत!" लातूरच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला असा प्रश्न आवडणारच. दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घेऊन तुम्हा दोघा भावंडांसाठी यादी करायला बसले.

ॲब्सेन्स म्हणजे जिथे असायला हवं तिथे नसणं. लॅक म्हणजे उणीव, अनुभवाची, धीराची. स्केअर्सिटी दुष्काळाच्या बातमीत आणि सरकारी कागदात शोभते. डर्थ जरा पुस्तकी, चांगल्या माणसांच्या टंचाईबद्दल बोलताना वापरावा असा. वर्गात मी हे सगळं फळ्यावर रकाने आखून शिकवत असे. पाचवा शब्द लिहिला, शॉर्टेज, आणि पेन तिथेच थांबलं. हा शब्द मी एकदा वर्गाबाहेर वापरला आहे. ते यादीत मावणारं नाही, म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते.

तुमची आत्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली तेव्हाची गोष्ट. त्यांचं घर हदगावजवळच्या खेड्यात, कापूस आणि सोयाबीनची शेती. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी लातूरला शिकायचं होतं. आसपासच्या चार जिल्ह्यांतली मुलं तेव्हाही त्यासाठी लातूरलाच येत. माझ्या धाकट्या जावेचा फोन आला.

"अक्का, पोरीला तुमच्यापाशी ठिवायचं म्हनते. होस्टेलात ती बुजते. तुमच्या नजरंखाली ऱ्हाईल. दोनच वरीस."

तेव्हा तुमचे बाबा नोकरीला परगावी गेले होते, मी निवृत्त झाले होते आणि घर कधी नव्हे ते माझ्या मनासारखं लागलं होतं. न्हाणीघर कोरडं असे. पेपर घडी न मोडलेला मिळे. एका वयात आलेल्या मुलीची वेणी, वह्या, डबा, मैत्रिणी हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला ते नको वाटलं. कारण एवढंच होतं. दुसरं काही शोधून सापडत नाही.

त्या उन्हाळ्यात लातुरात खरंच पाणी नव्हतं. नळाला येत नव्हतं, टँकरमागे घागरींच्या रांगा लागत होत्या. आमच्या अंगणातलं बोअर मात्र चालू होतं. अंगणात जमिनीखाली मोठा हौद, गच्चीवर टाकी, आणि मोटर रोज अकराला आपोआप सुरू व्हावी म्हणून मी टायमर बसवून घेतला होता.

मी जावेला म्हटलं, "अगं, इथे पाण्याचं फार शॉर्टेज आहे. एक माणूससुद्धा वाढवता यायचं नाही."

'नाही' म्हणायला म्हणणारं माणूस लागतं. 'ठेवून घेत नाही' म्हटलं की कोण ठेवून घेत नाही ते कळतं. शॉर्टेजला माणूस लागत नाही. ते आपलं असतं, हवेसारखं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. मी तो शब्द निवडून घेतला होता. शहराचं खरं होतं ते मी माझ्या घराचं म्हणून सांगितलं.

"अगं बया! लई अवघड हाय मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर रिक्षा उभी होती आणि जाऊ त्यातून दोन कॅन उतरवत होती. तेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन, स्वच्छ धुतलेले, झाकणाखाली पॉलिथिन बांधलेलं, बाहेरून ओलं बारदान गुंडाळलेलं. पहाटेच्या गाडीने नांदेड, नांदेडच्या स्टँडवर गाडी बदलून लातूर. एवढं ओझं तिने दोन वेळा चढवलं, दोन वेळा उतरवलं.

"विहिरीचं हाय, गोडं," ती म्हणाली. "कंडक्टर हसून राहिला, मावशी, लातूरला पानी विकायला निघाल्या का म्हनून. म्हनलं, जावंच्या घरी चालले बाबा, तिकडं शॉर्टेज हाय."

माझा शब्द तिच्या तोंडून ऐकताना माझी मान खाली गेली. मी तिला पाय धुवायला न्हाणीघराकडे नेऊ लागले, तर ती पायरीवरच पदराने पाय पुसू लागली. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तिने दोनच घोट घेतले आणि तांब्या परत दिला.

"ऱ्हाऊ द्या अक्का, तुमाला कमी पडंल."

मग तिने पिशवीतून पोरीची गुणपत्रिका काढली. प्लास्टिकच्या फायलीत घातलेली. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी काय म्हनते, पोरीच्या वाट्याचं पानी मी दर पंधरा दिसाला आनून देत जाईन. धुनं ती सुट्टीला गावाकडं आनंल. तुमच्या पान्याला ती हात लावनार न्हाई. मंग तर जमंल ना?"

मी गुणपत्रिका वाचत राहिले. वाचायला त्यात इंग्रजीचे मार्क होते, बाकीचे होते, आणि मी पुन्हा पुन्हा तेच वाचत होते. तेवढ्यात अकरा वाजले आणि मोटर सुरू झाली. आदल्या दिवशी पाणी फारसं वापरलं नव्हतं, म्हणून टाकी लगेच भरली आणि वरच्या पाइपातून पाणी धो धो जास्वंदीच्या आळ्यात पडू लागलं. जाऊ वर बघत राहिली. मग आळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"अक्का, टाकी भरली," ती म्हणाली. "बटन बंद करा. वाया चाललंय."

मी उठून बटण बंद केलं. परत येईपर्यंत गुणपत्रिका तिच्या पिशवीत गेली होती. अजूनही वेळ होता. 'पोरीला पाठव' एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी चहा टाकते म्हणाले.

"नगं. दोनची गाडी गाठते. नांदेडात बघते पोरीचं."

कॅन ती ठेवून गेली. ते पाणी टाकीत ओतायला माझा हात होईना आणि झाडांना घालवेना. मी ते रोज पेलाभर प्याले. बरेच दिवस पुरलं.

आत्या नांदेडला चार मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहून शिकली. डॉक्टर झाली नाही, नर्स झाली; अजून नांदेडलाच असते. माझ्याकडे राहिली असती तर झाली असती का, हे मला माहीत नाही. तुम्हाला दर वर्षी शेंगदाण्याचे लाडू पाठवणारी तीच.

यादी अर्धवट टाकून परवा मी जावेला फोन केला. म्हटलं, त्या वर्षी माझ्याकडे पाणी होतं, मला पोरगी ठेवायची नव्हती.

"मला ठावं हाय की अक्का. माझ्या म्होरं तर टाकी भरून वाहिली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पोरीला म्हनलं, लातूरला पानीच न्हाई. ती अजून तसंच धरून हाय. मोठ्या आईनं पान्यापायी ठिवून घेतलं न्हाई, न्हाईतर ठिवलं असतं, म्हनते. तुमी नका आता सांगू तिला."

माझं खोटं मी एकदा बोलले. ते माझ्या वतीने इतकी वर्षं तिने सांभाळलं, आणि पोरीच्या मनातली माझी जागा त्याच्यावर उभी आहे.

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा हदगावला जालच. जावेने सांगू नको म्हटलं असलं तरी त्याआधी मी नांदेडला जाऊन आत्याला हे तोंडाने सांगणार आहे, मराठीत. तोवर तुम्ही तिच्याजवळ काही बोलू नका. यादीचं मग बघू.