मामा पाणी चाखायचे

मामांच्या हातात कुणी पाण्याचा पेला दिला की मला तिथून पळावंसं वाटायचं. चार माणसं पाणी पितात, मामा ते चाखायचे. पहिला घोट तोंडात घेऊन दोन्ही गाल फुगवायचे, या गालातून त्या गालात खुळखुळ आवाज करत फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मग गिळून निकाल द्यायचे. "बोरचं हाय. तुमच्या खाली चुन्याचा दगड असंल." किंवा, "टाकी धुतली नाय वाटतं बऱ्याच दिसांत." घर कुणाचंही असो, यजमान समोर उभे असोत. मी शेजारी असले तर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसायचे.

मामांचा पेणजवळ गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, तिच्यात मांडणीवर ओळीने पांढरे गणपती, कोपऱ्यात रबरी साचे आणि काथ्याचे ढीग. आमचं घर शेडला लागूनच असल्यामुळे माझं लहानपण त्या पांढऱ्या धुळीत गेलं. प्लॅस्टर पाण्यात कालवून साच्यात ओतलं की थोड्या वेळाने ते आपोआप गरम होतं. मामा साच्याच्या पाठीवर तळवा ठेवून वाट बघायचे आणि ऊब लागली की म्हणायचे, "तापलं. लग्न लागलं दोघांचं. आता यांना सोडवायचं नाय." प्लॅस्टर आणि पाणी ही त्यांच्या लेखी नवराबायको होती आणि त्यातला खोडील स्वभाव कायम पाण्याचा असायचा.

कारखान्यात एक रीत होती. सकाळी बोरमधून पहिली बादली निघाली की ती मामांपुढे यायची. ओंजळभर पाणी चाखून ते "गोड हाय" म्हणाले की मगच प्लॅस्टरची गोणी फुटायची. उन्हाळ्याच्या शेवटी खाडीच्या भरतीचं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि आमच्याकडची बोरं खारट होतात. तसं झालं की मामा बादली पालथी करायचे आणि टँकर मागवायचे. पाणी चाखायचा मान त्यांचाच. बाकी कुणी त्या बादलीत बोट घालत नसे.

"पाणी एकटं कधी येत नाय गो," ते मला सांगायचे. "ज्याच्या दारावरनं येईल त्याला संगती घेऊन येतं." मामीची डाळ शिजली नाही तर ते डाळीची बाजू घ्यायचे. दोष पाण्याचा, डाळ बिचारी काय करील, असं म्हणून लांबच्या विहिरीवरून स्वतः हंडा आणायचे. मामी म्हणायची, "आले डाळीचे वकील." पण त्या हंड्यातल्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची, हेही खरं.

माझं लग्न ठरायच्या वेळी आम्ही मुलाचं घर बघायला अष्टमी गावी गेलो. रोह्याहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की लगेच घर. सासूबाईंनी काचेच्या पेल्यांतून पाणी आणलं. मामांनी गाल फुगवले. खुळखुळ.

"उकळलंय," मामा म्हणाले. "आणि झाकण ठेवून निववलंय. मेलं हो बिचारं. पाण्यातला वारा गेला की पाणी मरतं. एक रिकामा पेला द्या बघू."

रिकामा पेला आला. मामा उभे राहिले, एक हात डोक्याच्या वर नेला आणि वरच्या पेल्यातून खालच्या पेल्यात पाण्याची धार धरली. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी धार चुकली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची इस्त्रीची पँट भिजली. "आता प्या," मामांनी तोच पेला त्यांच्यापुढे केला. सासरे निमूटपणे प्यायले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. लग्न मोडलं नाही, पण सासूबाई ती गोष्ट आजही पाहुण्यांना रंगवून सांगतात आणि मी दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

पुढे मला रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. कामच पाणी तपासायचं. मी हौसेने मामांना क्षार मोजायचं एक छोटं मीटर नेऊन दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पाण्यात बुडवलं, आकडा वाचला. "किती माणसं आली तेवढं सांगतंय. कोण आली ते सांगतं का?" बोलणं चुकीचं नव्हतं. मीटर क्षार किती ते सांगतं, मीठ की चुना ते सांगत नाही. मामांनी ते शेडमध्ये खिळ्याला टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "भाचीनं दिलंय" म्हणून दाखवत राहिले. वापरलं एकदाही नाही.

मग तो तापाचा काळ आला, ज्यात घरोघरी लोकांची चव आणि वास गेला. मामांनाही ताप आला आणि उतरला. बाकीच्यांची चव परत आली. मामांची आली की नाही हे कुणी विचारलंच नाही. मामी मात्र फोनवर सांगायची, "हल्ली तुझे मामा सुधारले गो. परवा डाळीत मीठ घालायची इसरले, तरी मुकाट जेवले." आम्ही दोघी हसलो होतो. पुढच्या भेटीतही मामांनी माझ्यासमोर गाल फुगवले, डोळे मिटले आणि निकाल दिला, त्यामुळे मला काही कळलं नाही.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बोर खारट झालं. पहिली बादली मामांपुढे आली. त्यांनी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "गोड हाय." कामाला येणारी सुमन मला नंतर म्हणाली, "ताई, हात धुताना माझ्या ओठाला लागलं व्हतं पाणी. खारट व्हतं. पण मामांनी गोड म्हटल्यावर मी कोण बोलनार?" त्या पाण्यात कालवलेलं प्लॅस्टर भराभर धरलं, खाऱ्या पाण्यात ते लवकरच धरतं. मामा खूश होते.

दर वर्षी आमच्या अष्टमीच्या घरी मामांचाच गणपती येतो. त्या वर्षीही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हाक मारली. गणपतीच्या कपाळावर, सोंडेवर बारीक थेंब जमले होते. "देवाला घाम आला!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या. कुणी नवस बोललं, कुणी फोटो काढले.

मला बघताक्षणी कळलं होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच हे. हवेतला ओलावा मीठ ओढून घेतं. कानामागे रंग फुगून मिठाची पांढरी खारही दिसायला लागली होती. मी मागच्या दारी जाऊन मामांना फोन केला. ते दर वर्षी दुसऱ्या दिवशी दर्शनाला यायचे. मी म्हटलं, "मामा, या वर्षी येऊ नका. मूर्तीला पाणी सुटलंय. इथे लोक चमत्कार समजतायत, तसंच राहू दे." मामांच्या अब्रूसाठी म्हटलं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण मामा आले की चाखणार, खरं ते बोलणार आणि सासरी सगळ्यांसमोर त्यांचं हसं झालेलं मला बघवणार नव्हतं, हेच खरं कारण. मामांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळच्या आत ते आले. बायकांनी वाट करून दिली. "धन्य तुमचे हात," कुणीतरी म्हणालं. मामा मूर्तीसमोर उभे राहिले. कानामागची खार त्यांनी पाहिली. मग बोटाने कपाळावरचा एक थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामांनी तो जिभेवर घोळवला आणि ते माझ्याकडे वळले.

"तू चाख गो."

आयुष्यात मामांनी दुसऱ्या कुणाला पाणी चाखायला सांगितल्याचं मला आठवत नाही. त्या क्षणी मला सगळं उलगडलं. मी थेंब जिभेवर घेतला.

"खारट," मी पुटपुटले.

"मोठ्यानं सांग."

"खारट आहे, मामा."

मामांनी सासूबाईंपुढे हात जोडले. "विहीणबाई, घाम नाय हा. मीठ हाय. खाऱ्या पाण्यात कालवला मी देव. त्या तापापासनं माझ्या जिभेला चव नाय. कुणाला बोललो नाय, लाज वाटली. आता ह्याच्याहून जास्त वाटते."

ताटं घेऊन आलेल्या बायका एकेक करून निघून गेल्या. मघाशी नवस बोललेली बाई तर दारातच मोठ्याने हसली. सासूबाईंचा चेहरा उतरला होता, तरी त्या म्हणाल्या, "दादा, आधी पाणी घ्या." मामांनी पेला घेतला आणि एका दमात संपवला. गाल फुगवले नाहीत, आवाज केला नाही. "बरं हाय," म्हणाले. इतकी वर्षं मी मनातल्या मनात देवाकडे हेच मागत आले होते, की मामांनी चारचौघांसारखं पाणी प्यावं. ते त्या दिवशी मिळालं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर मामा त्या खेपेच्या मूर्ती जिथे जिथे गेल्या त्या घरांच्या पायऱ्या चढले आणि प्रत्येक ठिकाणी हेच बोलले. बोलताना मान वर करत नसत, असं मामी सांगते. पहिली बादली सुमन चाखायला लागली. मामा बाजूला उभे राहायचे आणि तिने "गोड हाय मामा" म्हटलं की नुसती मान हलवायचे. पाण्याबद्दल एक शब्दही ते पुन्हा बोलले नाहीत. कुणाच्याही घरी, कसलंही पाणी असो, "बरं हाय."

ते आजारी आहेत कळलं तेव्हा मी घरचं पाणी बाटलीत भरून पेणला गेले. पूर्वी मी यायची असले की ते हटकून सांगायचे, "तुमच्या कुंडलिकेचं पाणी आण गो." खोलीत बघायला आलेली पाचसहा माणसं बसली होती. मी पेला भरून दिला. मामांनी घोट घेतला, सवयीने जरासे गाल फुगले आणि लगेच बसले. त्यांनी गिळलं. माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "कसं हाय गो?"

त्या पाण्याचे सगळे आकडे मला तोंडपाठ होते. ते सांगून काय उपयोग होता? मी त्यांच्या हातातला पेला घेतला, घोट तोंडात घेतला, दोन्ही गाल फुगवले आणि या गालातून त्या गालात फिरवला. खुळखुळ. खोलीतली माणसं बोलायची थांबली. मला लाज वाटली, अगदी पूर्वीसारखीच वाटली. मी डोळे मिटले, गिळलं आणि मोठ्याने सांगितलं, "उकळलंय. झाकण ठेवून निववलंय. मेलंय, मामा."

मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"मग बसलीस काय? वारा दे त्याला."

मी रिकामा पेला मागून घेतला, उभी राहिले आणि हात डोक्याच्या वर नेला. धार दोनदा चुकली, चादर भिजली, शेजारच्या काकांच्या अंगावर पाणी उडालं. मामा "अजून वर गो, अजून वर" म्हणत होते आणि सगळ्यांच्या देखत मी ओतत राहिले.